भांडवलशाही, साम्यवाद आणि नकार देण्याची मुभा

प्रश्न : साम्यवादाचे तत्त्व उदात्त आहे, परंतु माणूस मुळात स्वार्थी असल्यामुळे ते आचरणात उतरत नाही; उलट भांडवलशाही त्याच स्वार्थावर उभी असल्यामुळे चालते, मात्र तिला नैतिक म्हणता येत नाही, असे विधान वारंवार वाचनात येते. आपणांस ते मान्य आहे काय?

उत्तर : मान्य नाही. या विधानात दोन्ही बाजूंवर थोडा थोडा अन्याय होतो आणि मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

आधी भांडवलशाहीविषयी. खाटीक किंवा पाववाला आपल्याला अन्न पुरवतो ते परोपकारबुद्धीने नव्हे, तर स्वतःचे हित पाहून, हे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ साली मांडलेले निरीक्षण सर्वांना ठाऊक असते. त्याच स्मिथने १७५९ साली नीतिभावनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखाशी त्याचा संबंध असतोच, या प्रतिपादनाने त्याची सुरुवात केली होती, हे क्वचितच सांगितले जाते. व्यापारी एकत्र जमले की बोलणे बहुधा जनतेविरुद्धच्या संगनमतावर येऊन ठेपते आणि मजुरी वाढू नये यासाठी मालकांची आपसांत मूक एकजूट असते, हेही त्यानेच लिहिले आहे. स्वार्थ हा सद्गुण आहे, असे त्याचे म्हणणे नव्हते. स्पर्धा आणि न्यायाचे नियम शाबूत असतील तर स्वहित पाहणाऱ्या माणसालाही दुसऱ्याची गरज भागवावी लागते, एवढाच त्याचा दावा होता.

मार्क्सची टीकाही मालकाच्या लोभावर नव्हती. कारखानदार व्यक्तिशः दयाळू असला तरी स्पर्धा त्याला कामाचे तास वाढवायला आणि वेतन दाबायला भाग पाडते. कामगाराला त्याच्या श्रमशक्तीची बाजारातील पूर्ण किंमत मिळाली तरीही त्याच्या श्रमातून निर्माण होणारे वरकड मूल्य, म्हणजे वेतनापेक्षा जास्तीचे मूल्य, भांडवलाच्या मालकाकडेच जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यामुळे कामगाराची फसवणूक होते, एवढेच म्हणून मार्क्स थांबत नाही. फसवणूक न करताही शोषण होऊ शकते, हा त्याचा मुद्दा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. ‘प्रत्येकाकडून त्याच्या कुवतीनुसार, प्रत्येकाला त्याच्या गरजेनुसार’ हे सूत्र त्याने १८७५ साली मांडले तेव्हाही ते साम्यवादी समाजाच्या पुढच्या, प्रगत टप्प्यासाठी होते. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या राज्यघटनेत ‘गरजेनुसार’ हा शब्द आढळत नाही. तेथे ‘कामानुसार’ असे आहे आणि जो काम करणार नाही तो खाणारही नाही, असेही त्याच कलमात बजावले आहे.

तेव्हा निःस्वार्थ विरुद्ध स्वार्थी अशी ही लढत नाही. माझ्या मते एखाद्या अर्थव्यवस्थेची नैतिक परीक्षा करायची झाल्यास, तिच्यातील दुबळ्यात दुबळ्या माणसाला ‘नाही’ म्हणता येते काय आणि म्हटल्यावर त्याचे काय होते, हे पाहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्लंडमधील गिरणी कामगार कायद्याने स्वतंत्र होता. त्याने केलेला करार ऐच्छिक होता. परंतु त्याच्याजवळ जमीन नव्हती, साठवलेला पैसा नव्हता आणि काम नाकारले तर घरात उपासमार होती. अशा माणसाच्या संमतीला किती नैतिक वजन द्यायचे? बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करण्यासाठी १८३३ साली कायदा करावा लागला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी आरंभी अवघे चार निरीक्षक नेमले गेले. मुक्त कराराची महती सांगणाऱ्यांनी हा इतिहास वगळू नये.

मात्र उत्पादनाची सारी साधने राज्याच्या हाती दिल्याने नकार देणे सोपे झाले काय? झाले उलटेच. गिरणी कामगाराला निदान दुसरी गिरणी शोधता येत होती. जेथे काम देणारे एकमेव राज्यच असते तेथे तीही वाट उरत नाही. ही गोष्ट १९३६ साली ट्रॉट्स्कीने, म्हणजे रशियन क्रांतीच्याच एका सूत्रधाराने, लिहून ठेवली आहे : जो काम करणार नाही तो खाणार नाही, या जुन्या नियमाची जागा आता जो आज्ञा पाळणार नाही तो खाणार नाही, या नियमाने घेतली आहे, असा त्याचा आशय होता. सोव्हिएत संघात १९३२ साली अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाली. सामूहिक शेतीवरील, म्हणजे जमिनी एकत्र करून राज्याच्या नियंत्रणाखाली चालवलेल्या शेतीवरील, बहुसंख्य शेतकऱ्यांना ते पारपत्र नाकारण्यात आले आणि त्यांना ते सरसकट देण्याचा निर्णय १९७४ साली झाला. ज्याच्या नावाने क्रांती झाली, त्या श्रमिकाला गाव सोडण्यासाठीही परवानगी लागत होती. कवी जोसेफ ब्रॉडस्की यांना १९६४ साली ‘समाजावर जगणारा परोपजीवी’ ठरवून पाच वर्षांच्या हद्दपारीची आणि सक्तीच्या श्रमाची शिक्षा झाली, कारण कविता लिहिणे हे काम आहे हे न्यायालयाला मान्य नव्हते.

माणूस स्वार्थी आहे म्हणून हे घडले असे म्हणणे फार सोयीचे आहे. त्यामुळे तत्त्व निर्दोष राहते आणि सारा दोष मनुष्यस्वभावावर जातो. मला दोष तत्त्वाच्या रचनेतच दिसतो. अन्न, घर, नोकरी आणि छापखाना हे सारे एकाच सत्तेच्या ताब्यात दिल्यावर त्या सत्तेला अडवणार कोण, याचे उत्तर त्या रचनेत नव्हते.

प्रश्न : दोन्ही व्यवस्थांनी घेतलेल्या बळींची संख्या मांडून हा वाद मिटवता येणार नाही काय?

उत्तर : संख्या महत्त्वाच्या आहेत आणि त्या टाळणे हा अप्रामाणिकपणा ठरेल, परंतु कोणता मृत्यू कोणाच्या खात्यावर लिहायचा, हे ठरवतानाच मूळ वाद पुन्हा उभा राहतो. युक्रेनमध्ये १९३२-३३ साली लक्षावधी माणसे भुकेने मेली, तेव्हा सरकारची धान्यवसुली चालू होती आणि सामूहिक शेतीच्या मालाची चोरी केल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा देणारा कायदा ऑगस्ट १९३२ मध्ये लागू झालेला होता. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या वर्षांतील दुष्काळात कोट्यवधी लोक मेले. वरिष्ठांना खूश करण्यासाठी पिकाचे फुगवलेले आकडे कळवले जात आणि त्या आकड्यांच्या आधारे धान्य उचलले जाई. येथे निर्णय घेणारे हात स्पष्ट दिसतात.

दुसऱ्या बाजूला १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले आणि त्या काळातही तेथून धान्य व गुरे बाहेर जात होती, कारण भुकेलेल्यांकडे ती विकत घेण्यासाठी पैसा नव्हता आणि बाजारात फार ढवळाढवळ करू नये, हे तत्कालीन राज्यकर्त्यांचे तत्त्व होते. अटलांटिकपलीकडे जहाजांतून नेलेल्या सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी गुलामांचा व्यापार तर नफ्यासाठीच चालला होता. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती मालकांना. गुलामांना काहीही मिळाले नाही. गुलामाला नकाराचा अधिकारच नसतो, तेव्हा ही खरी भांडवलशाही नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. पण मग सोव्हिएत संघ हा खरा साम्यवाद नव्हता, हा युक्तिवादही तितक्याच सहजतेने मान्य करावा लागेल. एक पळवाट बंद करून दुसरी उघडी ठेवता येणार नाही.

प्रश्न : मग कल्याणकारी राज्य किंवा कामगारांच्या सहकारी संस्था हा नैतिकदृष्ट्या अधिक चांगला मार्ग मानावा काय?

उत्तर : बऱ्याच अंशी होय, आणि त्याचे कारण वरच्या कसोटीतच आहे. आजारपणाचा विमा, बेकारी भत्ता आणि मजूर संघटना यांमुळे कामगाराला अपमानास्पद काम नाकारण्याइतका श्वास मिळतो, आणि खाजगी उद्योग टिकून राहिल्यामुळे सरकारला विरोध करणाऱ्यालाही पोट भरता येते. या सुधारणांचा उगम फार पवित्र नव्हता, ही गोष्ट वेगळी. जर्मनीत १८७८ साली समाजवाद्यांवर बंदी घालणाऱ्या चान्सलर बिस्मार्कनेच १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, आणि कामगारांना समाजवाद्यांपासून तोडणे हा त्यामागचा एक उघड हेतू होता.

सहकारी संस्थांनाही मर्यादा आहेत. स्पेनच्या बास्क प्रदेशात १९५६ साली सुरू झालेला मोन्द्रागोन हा कामगारांच्या मालकीचा उद्योगसमूह हे त्यांचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. परंतु बाजारात टिकण्यासाठी त्यानेही परदेशांत अशा कंपन्या चालवल्या, जेथील कामगार मालक नव्हते, केवळ नोकर होते. या समूहातील घरगुती उपकरणे बनवणारी संस्था २०१३ साली दिवाळखोरीत गेली. तेव्हा तिच्या अनेक कामगार-सभासदांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले. सभासद नसलेल्यांना ते संरक्षण नव्हते.