उन्हाळी संशोधनासाठी बायोडाटा : विद्यार्थ्यांचे प्रश्न

विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतला सुट्टीतला कार्यक्रम... अशा अर्जांचे दिवस आले की बी.एस्सी.च्या मुलांचे प्रश्न येऊ लागतात. दरवर्षी तेच गोंधळ असतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरे देतो.

बायोडाटावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय लिहायचा का?

माहितीपत्रकात मागितले असेल तरच.

किती पानांचा हवा?

एक पान. प्रोजेक्ट खरोखरच जास्त असतील तर दोन.

एस.वाय.ला गणितात एटीकेटी लागली होती, आता विषय सुटला आहे. लपवू का?

नाही. बहुतेक ठिकाणी गुणपत्रिका मागतातच. किमान गुणांची अट आधी वाचा आणि आपण त्यात बसतो का याची शंका असेल तर संयोजकांनाच ईमेल करून विचारा. होस्टेलमधल्या मित्राला विचारून उपयोग नाही.

एक संस्था पैसे घेऊन महिनाभरात ऑनलाइन इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलमध्ये संशोधनाचा पेपर छापून देते. सीनियर म्हणतात, पेपरशिवाय निवड होत नाही.

सीनियरना हे कोणी सांगितले? त्या संस्थेच्याच जाहिरातीने. हे कार्यक्रम आहेतच मुळी ज्यांनी अजून संशोधन केलेले नाही अशा मुलांसाठी. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडून तिथे पेपरची अपेक्षा नसते.

तुमचा अर्ज वाचणारी माणसे रोज पेपर वाचतात आणि तपासतात. चार दिवसांत स्वीकारलेला आणि जर्नलच्या विषयाशी काडीचा संबंध नसलेला पेपर त्यांना जर्नलचे नाव पाहताच कळतो. मग त्याच पानावरच्या तुमच्या खऱ्या कामावरही त्यांचा विश्वास उरत नाही. शिवाय तो पेपर कायम तुमच्या नावावर राहतो. पुढे पीएच.डी.ला अर्ज कराल तेव्हाही शोधला की सापडेल. शेतकऱ्यांची, रिक्षावाल्यांची मुले घरून पैसे मागून ही प्रमाणपत्रे घेतात, याचा मला संताप येतो. शुल्क घेणारे प्रत्येक जर्नल खोटे असते असे मात्र नाही, कित्येक चांगली जर्नल्सही शुल्क घेतात. हा फरक तुम्हाला एकट्याने कळणार नाही. पैसे भरण्याआधी विभागातल्या संशोधन करणाऱ्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना जर्नलचे नाव दाखवा. पैसे आधीच भरले असतील तरी दाखवा, आणि तोवर पेपर छापायला होकार देऊ नका.

आमचे कॉलेज तालुक्याचे आहे. संशोधन काहीच केलेले नाही, पान रिकामे राहते.

रिकामे नाही, तुम्हाला लिहिता येत नाही एवढेच. असाच एक बायोडाटा माझ्याकडे आला होता. त्यात एकच ओळ होती, ‘पाण्याच्या गुणवत्तेवर प्रोजेक्ट’. विचारल्यावर कळले, मुलीने नदीच्या पाच ठिकाणांहून नमुने घेऊन विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन मोजला होता आणि सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला तो कमी भरला होता. बाटलीत बुडबुडा राहिला तर काय होते, असे विचारताच ती म्हणाली, ‘सर, त्यातला ऑक्सिजन विरघळतो, आकडा जास्त येतो. आम्ही ते नमुने टाकून दिले.’ हेच लिहायचे : प्रश्न कोणता, स्वतःच्या हाताने काय केले, काय आढळले. तीन ओळी पुरतात.

‘पीसीआर, एचपीएलसी, पायथन’ अशी प्रयोगशाळेतल्या तंत्रांची आणि संगणक-भाषांची माळ लावू नका. यंत्र लांबून दाखवले असेल तर ‘प्रात्यक्षिक पाहिले’ असे लिहा. ज्यावर दहा मिनिटे बोलता येत नाही तो शब्द खोडा, आणि काय ठेवायचे ते प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमबरोबर बसून ठरवा.

सायबर कॅफेवाला तयार नमुना देतो. चालेल?

मांडणी घ्या, मजकूर नको. ‘मेहनती, टीम प्लेअर’ हे सगळ्यांचेच असते.

शिफारसपत्रासाठी सरांना कधी सांगावे? मुदत परवा संपते.

तीन-चार आठवडे आधी सांगायला हवे होते. शेवटच्या दिवशी मागितलेले पत्र दोन ओळींचे येते आणि त्याचा उपयोग होत नाही. आता उद्या सकाळी बायोडाटा आणि कार्यक्रमाचे माहितीपत्रक छापून घेऊन त्यांना प्रत्यक्ष भेटा, व्हॉट्सअ‍ॅप करू नका. एवढ्या वेळात नीट पत्र देता येईल का, हे स्पष्ट विचारा. ते नाही म्हणाले तर ज्यांनी तुमचे काम पाहिले आहे अशा दुसऱ्या शिक्षकांकडे जा, निव्वळ पद मोठे म्हणून प्राचार्यांकडे नको.