मॅडम, मला बोलायला शिकवा

प्रवेशाची धावपळ संपली की ऑगस्टपासून माझ्या केबिनमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. "वर्गात तोंडच उघडत नाही. मराठी मीडियम ना! कॉन्फिडन्स कसा आणू?"

दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात मी समुपदेशक आहे. हे विचारणाऱ्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पटेल ते सगळं बदलून. तिला सुनंदा म्हणू. एफवायबीए, गाव शहापूर तालुक्यात.

चूक आधी माझी झाली. मी ठेवणीतला सल्ला दिला: आरशासमोर बोल, दीर्घ श्वास घे, रोज इंग्रजी पेपरचं एक पान वाच. पंधरा दिवसांनी ती परत आली. सगळं इमानदारीत केलं होतं. आरशासमोर फाडफाड बोलते म्हणाली, वर्गात मात्र तशीच गप्प.

मग म्हटलं, "कालचा पहिला तास मला सांग. अगदी दारापासून."

ती गाडी पकडते कसाऱ्याला. तिथून सीएसएमटी सुमारे १२० किलोमीटर, लोकलने अडीच तासांच्या घरात. भूगोलाचं लेक्चर सातचं, ही सव्वासातला दारात. हजेरी झालेली, जागा फक्त शेवटच्या बाकावर. सर इंग्रजीत प्रश्न टाकतात. ती तो मनात मराठीत आणते, उत्तर जुळवते, इंग्रजीत न्यायला लागते, तोवर पहिल्या बाकावरचे ठरलेले चौघे उत्तर देऊन मोकळे. किती वेळ मिळतो, ते तिनं टेबलावर बोट टकटकवून दाखवलं. एक, दोन. बस्स.

अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर जास्त मुलं बोलतात आणि सविस्तर बोलतात. सुनंदाला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

त्याच तासाला शिपाई नोटीस घेऊन आला होता. "स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा, झेरॉक्स राहिल्यात." सात जण उभे राहिले. "तेव्हापासून शेजारची जपून बोलते माझ्याशी," ती म्हणाली. विद्यार्थ्याची जात वर्गात जाहीर करू नये, कुणावर राखीव प्रवर्गाचा शिक्का मारू नये, असं यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ चे समतेबाबतचे नियम सांगतात. पण जात न उच्चारताही ती जाहीर करता येते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शिपायाला माहीत असतं.

आता असं कुणी आलं की मी आधी वर्गाचं चित्र काढायला लावते. कोण कुठे बसतं, सर कुणाकडे बघून प्रश्न विचारतात. श्वासाचं नंतर.

सुनंदाला विचारूनच मी सरांना भेटले. भला माणूस. "मॅडम, मी कुणाला अडवतो का? १२० मुलं आहेत. एकेकासाठी थांबलो तर पोर्शन कधी संपवू?" प्रश्न खराच होता. म्हणून मागणं लहान ठेवलं. तासाला एकच प्रश्न, फळ्यावर लिहून. दोन मिनिटं वहीत उत्तर, मराठीत चालेल. (मुंबई विद्यापीठात बीएचा पेपर मराठीत लिहिता येतो, मग तासालाच कसली लाज?) मग मिनिटभर शेजाऱ्याशी बोलणं, आणि सुरुवात मागच्या बाकांपासून. नको असेल त्यानं "पुढे" म्हणावं. हजेरी शेवटी. स्कॉलरशिपची नोटीस सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

दोन आठवडे काही घडलं नाही. पुढच्या बाकांवर कुरकुर तेवढी झाली.

तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर प्रश्न आला: मुंबईचं पाणी कुठून येतं? सुनंदानं वहीतलं वाचून दाखवलं. "भातसा धरण आमच्या तालुक्यात आहे. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी तिथून येतं. आमच्या पाड्यावर मार्चपासून टँकर."

"धरण शेजारी असून टँकर?" पहिल्या बाकावरच्या एकानं मागे वळून विचारलं. त्याला उत्तर देताना ती मराठी-इंग्रजी मिसळून दहा मिनिटं बोलली. पोर्शन तेवढा मागे पडला. सरांनीच मला हे कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं.

सातचं लेक्चर काही हललं नाही. सुनंदा अजूनही सव्वासातलाच पोचते. फक्त आता दाराजवळच्या बाकावर ती शेजारची तिच्यासाठी बॅग टाकून जागा धरते.