एचडीआर फोटो खरा वाटायला हवा असेल तर

एचडीआर म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून केलेला एक फोटो. त्यासाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) एकाच दृश्याचे तीन फोटो घ्या: -२, ० आणि +२ ईव्ही (उजेडाच्या पायऱ्या). अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस तेच ठेवून फक्त शटर स्पीड बदला. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) तिन्ही मर्ज करताना डीघोस्ट (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणारं सेटिंग) 'लो'वर पुरतं. पानं किंवा माणसं हलली असतील तरच वाढवा.

खरी गडबड पुढे होते. शॅडोज (सावल्या उजळणारा स्लायडर) थेट +१०० केले की सावल्या राखाडी पडतात, नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. +३० ते +४० वर थांबा आणि ब्लॅक्स (सगळ्यात गडद भागांचा स्लायडर) थोडे खाली ओढा. सावलीत काळं राहू द्या, डोळ्यालाही तिथे सगळं दिसत नसतं! आकाश जमिनीपेक्षा गडद झालं की फोटो हमखास खोटा वाटतो. क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) +१५ च्या आत, नाहीतर इमारतींच्या कडेला पांढरी प्रभावळ उमटते.