ड्रममधलं तेल कुठून आलं?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. यंदा पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल जवळजवळ तळाला जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर लागतं. ब्रेक मारताना गाडी डावीकडे ओढते, आणि मागच्या उजव्या चाकातून घुंऽ असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, चारही चाकांचे शू नवे टाका. टाकू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) उघडा, पाकीट नंतर. उभ्या गाडीचे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे) झिजत नाहीत, गळती मात्र उभ्या-उभ्या सुरू होते. कोकणातल्या दमट हवेत व्हील सिलिंडरच्या, म्हणजे शू ढकलणाऱ्या चाकातल्या छोट्या सिलिंडरच्या, आत गंजाचे बारीक खड्डे पडतात. गाडी पुन्हा चालायला लागली की आतलं रबर त्याच खड्ड्यांवरून सरकतं आणि कापलं जातं.

पेडलचं बघू. दुसऱ्या दाबाला वर येतंय, म्हणजे बहुधा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, अ‍ॅडजस्टमेंट हवी. पेडल स्पंजासारखं लागलं असतं तर ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये हवा आहे म्हटलं असतं. पण पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात राहिलं, तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरची (पेडल ज्याला दाबतं त्या मुख्य सिलिंडरची) रबरं गेली आहेत. तसं असेल तर गाडी कुंभार्ली घाटाकडे वळवूसुद्धा नका.

डावीकडे ओढते म्हणून सगळे डावं चाक खोलतात. पहिला संशय घ्यायचा उजव्याचा, कारण कमी धरणारं चाक ते असतं. ओढ स्टिअरिंगवर हाताला जाणवत असेल तर पुढचं उजवं आधी उघडा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही. घोडी (लोखंडी स्टँड) लावा, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा, मग हँडब्रेक सोडा. ड्रम हलत नसेल तर लगेच हातोडी उचलू नका. जुन्या ड्रमच्या कडेला झिजून कंगोरा तयार होतो आणि शू त्याच्यामागे अडकतात. अ‍ॅडजस्टर पूर्ण मागे घेतला की बहुतेक वेळा ड्रम निमूट बाहेर येतो. ड्रम निघाल्याबरोबर गॅरेजातली पोरं कॉम्प्रेसरची हवा मारायला धावतात, त्यांना थांबवा. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

आता खरी तपासणी. लायनिंग ओलं दिसलं, तर ते कशानं ओलं आहे हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. ब्रेक ऑईल पातळ असतं, पाण्यानं धुतलं जातं आणि बॅकप्लेटचा (ड्रममागच्या पत्र्याचा) रंग फुगवून सोडवतं. ते आलं व्हील सिलिंडरमधून; त्याची रबरी टोपी उचलून बघा, आत ओल असेल तर चोर सापडला. गिअर ऑईल दाट, त्याला गंधकासारखा उग्र वास, साबणानं हात धुतले तरी तो मागे राहतो. पद्मिनीत ते मागच्याच चाकांत सापडणार, कारण तिथं ऑईल सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) पलीकडे चाकं फिरवणारा अ‍ॅक्सल आहे. आणि पुढच्या ड्रममध्ये काळपट चिकटा दिसला, तर ते हबचं ग्रीस. कुणीतरी मायेनं हब गच्च भरलेला असतो, गरम झाल्यावर ते वाट काढतं.

तुमच्या मागच्या चाकाच्या आवाजामुळे माझा संशय बेअरिंगवर आहे. बेअरिंग ढिलं झालं की अ‍ॅक्सल शाफ्ट डुलतो, सीलची कड झिजते आणि तेल थेट शूवर येतं. अशा चाकात नुसते नवे शू टाकले तर तेही भिजणार. म्हणून क्रम असा : बेअरिंग, मग सील, शेवटी शू. अ‍ॅक्सल हाउसिंगचा ब्रीदर (हवा जाण्याचं छोटं तोंड) चिखलानं बुजलाय का तेही बघा. आतली गरम हवा कोंडली की चांगलं सीलसुद्धा तेल सोडतं. डिफरन्शियलमध्ये (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीत) तेल प्रमाणाबाहेर भरलेलं असलं तरी हाच प्रकार होतो.

आवाज नेमका कोणत्या बाजूचा, याची खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी हलकेच डावीकडे घ्या. वजन उजव्या चाकांवर जातं. घुंकार वाढला तर उजवंच. नंतर चाक उचलून एका हातानं फिरवा आणि दुसरा हात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवा. कानाला न ऐकू येणारी खरखर बोटांना कळते.

तेल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलनं धुऊन किंवा ब्लो लॅम्पनं भाजून परत बसवणारे आजही भेटतात. वरवरचं तेल जातं, आत मुरलेलं घाटात ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. ते शू फेकाच, पण जोडीनं : एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकदम. दुसऱ्या अ‍ॅक्सलचं लायनिंग कोरडं असेल आणि रिव्हेटच्या डोक्यांपासून चांगलं वर असेल, तर त्याला हात लावायचं कारण नाही. म्हणजे चारही चाकांचा खर्च कदाचित दोन चाकांवर येईल. ड्रम लेथवर घासून घ्यायचे असतील तर तेही जोडीनं, आणि व्यासाची मर्यादा ओलांडू न देता.

स्पेअर पार्टबद्दल एक सांगतो. पद्मिनीचा बाजार मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांनी जगवला होता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यातली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता दुकानात मिळणारं रबरांचं किट पाकिटातच म्हातारं झालेलं असू शकतं. रबर बोटात दुमडून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा ते ताठ लागलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि रबरं धुवायची फक्त स्वच्छ ब्रेक ऑईलनं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल लागलं की ती फुगतात आणि पिस्टन अडकतो.

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती ८०० च्या मागच्या चाकात नवी बेअरिंगं टाकली, काही महिन्यांत पुन्हा आवाज. मेकॅनिकनं नट थोडा ढिला ठेवला होता. म्हणाला, प्ले (थोडी सैल जागा) हवाच. बरोबर आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : त्याचा नियम खरा आहे, पण दुसऱ्या बेअरिंगचा. टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचं बेअरिंग) असेल तर चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित मागे घ्यायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर आणखी थोडा सोडायचा. तुमच्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये दोन बॉल बेअरिंगं आणि मध्ये अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर, आहे. तिथं नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पक्का बसला पाहिजे, म्हणजे आतल्या रिंगा आणि स्पेसर एकत्र आवळले जातात. ढिला राहिला की आतली रिंग स्पिंडलवर (बेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर) फिरते आणि स्पिंडलच खाते. भोक जुळेना, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे घ्यायचा नाही.

आता उघडाल तेव्हा स्पिंडलवर चकचकीत घासल्याच्या खुणा आहेत का बघा, आणि स्पेसर जागेवर आहे का तेही. तो विसरणारे आहेत. बेअरिंग बसवताना ठोका बाहेरच्या रिंगेवर, कारण ड्रममध्ये तीच घट्ट बसते. आतल्या रिंगेवर ठोकलं तर गोळ्यांचे ठसे रेसवर (गोळ्या फिरतात त्या खाचेवर) उमटतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. ग्रीस बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये नीट दाबून भरा, हबची पोकळी पूर्ण भरू नका. बेअरिंगबरोबर सील नवंच.

प्रश्न : ब्रेक ऑईलऐवजी दुकानदार जॅकचं हायड्रॉलिक ऑईल देतो. चालेल?
— एक वाचक, पाटण

उत्तर : नाही. ते खनिज तेल आहे, सिलिंडरची सगळी रबरं फुगवेल. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल घ्या, सीलबंद छोटी बाटली. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं : नवं असताना ते किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. घाटातल्या उतारावर ड्रम तापले की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला लागतं. दर दोन वर्षांनी बदला, आणि अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी फळीवर ठेवू नका. जॅकचं तेल आधीच ओतून झालं असेल तर मात्र नुसतं बदलून भागणार नाही. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरं नवी लागतील, होसपाइपसकट.