वाचकांचे प्रश्न : मीठ, साखर आणि पेशीचे पटल

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, खडेमीठ घालून बरणीत भरतात. चार दिवसांत त्यांना पाणी सुटते आणि ती आक्रसतात. मीठ असे पाणी ओढून घेत असेल, तर जुलाबात दिलेले मीठ-साखरेचे पाणी आतड्यातून अंगात जिरते कसे? त्यात साखर केवळ चवीसाठी घालतात का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : साखर चवीसाठी नसते. पटकीसारख्या तीव्र अतिसारात तिच्याशिवाय मीठ आतड्याच्या पेशींत पुरेसे शिरतच नाही, आणि मीठ शिरले नाही तर पाणीही शिरत नाही.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे पटल असते. त्याची जाडी अवघी ५ नॅनोमीटरच्या आसपास असते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज ये-जा करतात. पाण्यासाठी बऱ्याच पेशींच्या पटलात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या खास वाटा असतात, ज्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मिठातल्या सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांवर मात्र विद्युतभार असतो, त्यामुळे तो स्निग्ध थर त्यांना जवळजवळ पूर्णपणे अडवतो. तुमच्या बरणीत हेच घडते. मीठ बाहेर अडून राहते आणि तोराच्या पेशींतले पाणी बाहेर येते. पुढे पेशी मरतात, पटल निकामी होते आणि मग मीठ थेट बाठ्यापर्यंत मुरते. म्हणजे ज्या तोराची फोड आतपर्यंत खारट लागते, त्याच्या पेशींचे पटल केव्हाच काम करायचे थांबलेले असते.

आतड्याच्या पेशी जिवंत असतात, आणि त्यांच्या पटलातली प्रथिने कोणाला आत घ्यायचे हे ठरवतात. त्यांपैकी एक प्रथिन बँकेच्या लॉकरसारखे आहे, जो ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. सोडियमचे दोन आयन आणि साखरेतून मिळणाऱ्या ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले, तरच ते दोघांना आत सोडते. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला दुसरे प्रथिन पंपाचे काम करते. ऊर्जा खर्चून ते दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते, त्यामुळे पेशीत सोडियम नेहमी कमी राहते आणि आतड्यातले सोडियम आत यायला वाव मिळतो. हा पंप १९५७मध्ये येन्स स्को यांनी दाखवून दिला. सोडियम आणि ग्लुकोज पलीकडे गेले की त्यांच्यामागोमाग पाणी जाते. ज्या नियमाने तोर आक्रसतो, त्याच नियमाने रुग्णाच्या अंगात पाणी परत येते. फरक इतकाच की इथे मीठ पटलापलीकडे पोहोचलेले असते.

पटकीचे विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या वाटा उघड्या ठेवते आणि मीठ शोषण्याची नेहमीची वाट अडवते, परंतु ही जोडवाट शाबूत राहते. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला, आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. माझ्या मते आपल्या उपखंडातल्या वैद्यकाचे हे सर्वांत मोठे काम आहे आणि ते शाळेत शिकवले गेले पाहिजे.

प्रमाणाबाबत मात्र हयगय नको. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरावी आणि पुडीवर लिहिलेले पाणी नीट मोजून घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मूल आवडीने पिते म्हणून साखर वाढवली, तर न शोषलेली साखर आतड्यातच पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. याच कारणाने बाटलीबंद गोड पेये अशा वेळी देऊ नयेत.

प्रश्न : चोडणला पक्षी अभयारण्यात तिवराच्या पानांवर मिठाचे कण दिसले. खाडीचे शिंतोडे सुकून ते राहतात, की झाडच मीठ बाहेर टाकते? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : झाडच टाकते. तिवराच्या मुळांत पेशींच्या फटींमधून आत जाणारी वाट एका मेणासारख्या थराने अडवलेली असते, त्यामुळे पाण्याला पेशीपटलातूनच जावे लागते आणि बहुतेक मीठ तिथेच बाहेर राहते. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे त्यातले मीठ पाणी ओढून धरते तो जोर, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २५ पट असतो. त्याविरुद्ध पाणी वर खेचण्याचा ताण पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे निर्माण होतो. तरीही थोडे मीठ पानापर्यंत पोहोचतेच. ते पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात, आणि पाणी उडून गेले की मागे स्फटिक राहतात. कोरड्या दिवसांत पानावर बोट फिरवले तर ते हाताला लागतात, पावसाळ्यात धुऊन जातात. शेजारच्या कांदळाच्या पानांवर तुम्हांला असे कण सापडणार नाहीत. त्याला या ग्रंथी नसतात आणि तो जवळजवळ सगळे मीठ मुळाशीच अडवतो.