तिच्या मनातले परिच्छेद तुम्ही का गाळलेत?

सांगलीहून आलेल्या तुमच्या पत्राचा गोषवारा वाचकांसाठी आधी सांगते. तुमची पत्नी रात्री मोबाईलवर शृंगारकथा वाचते. त्यातली विशेष आवडलेली एक कथा तिने तुम्हाला स्वतःहून पाठवली. त्या कथेतला नायक वागतो तसेच वागून पाहायचे तुम्ही ठरवलेत. आयर्विन पुलावरून परतताना तुम्ही तिचा हात धरलात, त्याचे वाक्य जसेच्या तसे म्हणालात आणि ती हात सोडवून घेऊ लागली तेव्हा, कथेतल्याप्रमाणेच, तो सोडला नाहीत. ‘अहो, काय चाललंय तुमचं? सोडा,’ असे ती चिडून म्हणाली आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. कथेतला पुरुष चालतो, मग घरातला का चालत नाही, असे तुम्ही विचारता.

तुम्ही दुखावला आहात हे मला दिसते, पण त्यावर फुंकर घालण्यापेक्षा तुम्ही कंसात टाकून दिलेले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटते. ‘बाईच्या मनातले लांबलचक परिच्छेद मी गाळले, कारण त्यात काही घडत नाही.’ अहो, जे काही घडते ते सगळे तिथेच घडते! पत्रासोबत तुम्ही जोडलेले पान मी पूर्ण वाचले. कथा ती बाईच ‘मी’ म्हणून सांगते आणि त्या पानात नायकाच्या वाट्याला दोन वाक्ये आली आहेत. त्या दोन वाक्यांच्या मध्ये ती बाई जिन्यावरची त्याची पावले ओळखते, दाराची कडी आपणच मघाशी काढून ठेवली आहे हे स्वतःशी कबूल करते, हात सोडवून घ्यावा असे मनात आणते आणि आपल्याला तो सोडवायचा नाही हेही तिला त्याच क्षणी कळते. तो मनगट धरतो तोवर तिचा होकार वाचकाला केव्हाच ठाऊक झालेला असतो; ठाऊक नसतो तो फक्त त्याला. त्याच्या धिटाईची गोडी या कबुलीवर उभी आहे. ती कबुली वगळली की उरतो तो नको म्हणणाऱ्या बाईचा हात न सोडणारा माणूस, आणि पुलावर तुमच्या पत्नीला तोच दिसला.

हाच प्रसंग नायकाने ‘मी’ म्हणून सांगितला असता तर तो अंदाज, डावपेच आणि विजय यांचा हिशेब झाला असता आणि ती बाई जिंकायची वस्तू होऊन बसली असती. दोघांची मने जाणणाऱ्या निवेदकाने सांगितला असता तर त्याच्या मनात काय आहे ही हुरहूर गेली असती. बाई सांगते तेव्हा त्याचे मन बंद असते, म्हणून त्याचे थबकणे, नजर वळवणे, पाण्याचा पेला खाली ठेवणे यांतून तिला आणि तिच्याबरोबर वाचकाला अर्थ काढावा लागतो.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’ या जुन्या काव्यसंग्रहात एक गृहिणी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कुठे झोपते आणि आपण कुठे झोपतो ते दाखवते आणि रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस असे बजावते. शब्द मनाईचे आहेत, पण बोलणारी कोण आणि तिच्या मनात काय, हे कवीने आपल्याला जाणवू दिले आहे, म्हणून ते आमंत्रण ठरते. तुमच्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) पुरुष असूनही लावणीत बाईच्या तोंडून बोलले, कारण ओढ तिच्या तोंडून आली की ऐकणाऱ्याला वेगळी भिडते हे शाहिरांना पक्के माहीत होते. पुलावर मात्र तुमच्या पत्नीचे मन उलगडून सांगणारा कोणी कवी नव्हता. तिथे ‘सोडा’ म्हणजे सोडा एवढाच अर्थ होता.

आणि तिने ती कथा तुम्हाला का पाठवली असेल, याचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही. पंचेचाळिशीतली बाई सोळा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला असे काही वाचायला देते, ते त्याने संवाद पाठ करावेत म्हणून नव्हे. आपल्या आत काय चालते हे स्वतःच्या तोंडाने सांगणे तिला जड गेले असेल, म्हणून तिने दुसऱ्या बाईचा ‘मी’ पुढे केला. तुम्ही नेमका तोच गाळलात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा आज रात्री ती कथा पहिल्या ओळीपासून, काहीही न गाळता वाचा. मग तिच्याकडे जाऊन पुलावर हात न सोडल्याबद्दल माफी मागा, ते परिच्छेद आधी वाचलेच नव्हते हे सांगा आणि त्यातला कोणता तिला आपला वाटतो एवढेच विचारा. ती लगेच सांगेलच असे नाही. कदाचित चार दिवसांनी, भाजी निवडताना सांगेल. तेव्हा टीव्ही बंद करा आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.