लिव्हर रंगवलं कॉम्प्युटरनं, रेघ तपासली कुणी?

प्रश्न : धाकट्या भावाला लिव्हरचा भाग द्यायचं ठरलंय. माझा सीटी झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर तांबडं-निळं रंगवलेलं माझं लिव्हर दाखवलं आणि उजवा भाग किती मिली, माझ्याकडं किती उरेल, तेही सांगितलं. हे सगळं म्हणे कॉम्प्युटरनं केलं. लिव्हर कुठं संपतं ते त्याला कसं कळतं? आणि चुकलं तर?
– एक बहीण, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सीटीच्या कन्सोलपुढं माझी निम्मी हयात गेली, म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेतो. चुकतं. फार नाही, पण चुकतं, आणि बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच.

सीटीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. हे मशीन घडवणाऱ्या आणि 1979 च्या नोबेलमध्ये वाटेकरी असलेल्या हाउन्सफील्डसाहेबांचं नाव त्या मापाला आहे. पाणी 0, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, हाड शेकड्यांत. त्यामुळं हाड वेगळं काढणं सोपं : अमुक आकड्याच्या वरचं तेवढं ठेव, की झालं. लिव्हर मात्र 50-60 च्या घरात, आणि प्लीहा, बरगड्यांमधले स्नायू हे शेजारीही त्याच गल्लीत. डाय दिल्यावर फरक पडतो, पण सगळीकडं नाही.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लिव्हरच्या मध्यावर क्लिक करायचं. तिथनं ते सारख्या आकड्याचे शेजारी ठिपके गोळा करत पसरायचं. तुम्ही शाहूपुरीच्या, पंचगंगेचं पाणी जयंती नाल्यातनं मागच्या बाजूनं कसं घुसतं ते तुम्हाला सांगायला नको. तसंच व्हायचं. कुठं तरी चार ठिपक्यांची फट सापडली की रंग थेट बरगडीच्या स्नायूत! ‘लीक झालं’ म्हणायचं आणि माउसनं एकेक काप, म्हणजे सीटीचं एकेक आडवं चित्र, पुसत बसायचं.

आता बरीच सॉफ्टवेअर यू-नेट नावाच्या, चित्रं बघून शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या घराण्यातली आहेत. ते 2015 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात तयार झालं. डॉक्टरांनी हातानं रेघ मारलेले काप दाखवून त्याला शिकवतात. चित्र टप्प्याटप्प्यानं लहान करून ते अवयव साधारण कुठं आहे ते धरतं, मग परत मोठं करत नेमकी कड शोधतं. स्नायूत घुसणं पुष्कळ कमी झालं. पण शिकताना न पाहिलेलं काही समोर आलं, मोठी गाठ किंवा जुनं ऑपरेशन, तर तेही गडबडतं. धड लिव्हरमध्येसुद्धा तीन जागा मी आधी बघायचो : वर श्वासाच्या पडद्याखाली, कारण श्वास हलला की कड पुसट होते, पित्ताशयाची खोबण, आणि जठराला चिकटलेलं डावं टोक.

‘95 टक्के अचूक’ या जाहिरातीवर मी भाळत नाही. हा आकडा बहुधा डाइसचा असतो, म्हणजे दोन रंगवलेले भाग एकमेकांवर किती बसतात त्याचा. दीड लिटरच्या लिव्हरमध्ये बारीक शीर पूर्ण सुटली तरी तो जेमतेम हलतो. आणि तुमच्या लिव्हरचे उजवे-डावे भाग करायचे ते नेमके मधल्या शिरेच्या कडेनं.

म्हणून विचारा : ही रेघ रेडिओलॉजिस्टनं कापागणिक तपासली का, आणि काप किती जाडीचे होते? 5 मिलिमीटरपेक्षा 1 मिलिमीटरचे असले तर कडा जास्त स्वच्छ दिसतात. तुमच्याकडं निदान 30-35 टक्के लिव्हर उरावं, असं सर्जन बघतात. भावासाठी साधारण हिशेब त्याच्या वजनाच्या 0.8 टक्के, 60 किलोला 480 ग्रॅम. काढलेला भाग तराजूवर सीटीच्या आकड्यापेक्षा बरेचदा कमी भरतो, कारण त्यातलं रक्त निथळलेलं असतं. तो फरक हिशेबात धरलाय का, तेवढं सर्जनना विचारून घ्या.